सिगारेटमधील निकोटिन : खरा आकडा कोणता?

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



व्याख्यानाचा विषय कोणता म्हणून आमच्या कार्यवाहांनी विचारणा केली, तेव्हा आम्ही दिलेले उत्तर ऐकून ते क्षणभर थबकले. संमेलनात विद्यार्थी साहाय्यक निधी, वधूवर सूचक केंद्र, फार तर एखाद्या संतचरित्रावर बोलावे अशी आपली परंपरा आहे. आणि आम्ही सांगितले, सिगारेटमधील निकोटिन. तशात आम्ही जुन्या अकरावीचे, १९७४ सालचे मॅट्रिक. पदवीधर नव्हे, आणि वैद्य तर नव्हेच नव्हे. तथापि अडतीस वर्षे आम्ही मुलांना अंकगणित व सामान्य विज्ञान शिकविले. आकड्यांवर विश्वास कसा ठेवावा हे शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला एका छापील आकड्याने कसे फसविले, एवढेच सांगण्याचा अधिकार आम्ही आज मागत आहोत.

निमित्त गेल्या वर्षीच्या गुणगौरव समारंभाचे झाले. समारंभ संपल्यावर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी आमच्याजवळ आला. मुलगा हुशार, बोलण्यात अदब. तो म्हणाला, "गुरुजी, मी दिवसाला सहा-सात ओढतो. सोडणे जमत नाही. कमी निकोटिनची कोणती ते शोधतो आहे. परंतु एके ठिकाणी एक आकडा मिळतो, दुसरीकडे त्याच्या दहापट. खरा कोणता धरावा?" आम्हांस त्या वेळी उत्तर देता आले नाही. देता आले नाही म्हणण्यापेक्षा, देण्याचे धैर्य झाले नाही असे म्हणणे अधिक खरे होईल. कारण हाच प्रश्न पूर्वी एकदा आम्हांस विचारला गेला होता, आणि त्या वेळी आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले होते.

ती हकिकत आधी सांगतो.

आमचे धाकटे बंधू कोल्हापुरास एका कचेरीत कारकून होते. स्वभावाने अत्यंत सरळ. व्यसन म्हणाल तर एकच, दिवसाकाठी दहा सिगारेटी. १९९८ साली त्यांस जिना चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी ओढणे बंद करण्यास सांगितले. चार दिवस बंद झाले, पाचव्या दिवशी पुन्हा सुरू. त्याच सुमारास आमचा एक पुतण्या मस्कतहून रजेवर आला, आणि येताना काकांकरिता दोन प्रकारची पाकिटे घेऊन आला. आपल्याकडील पाकिटांवर कधी न दिसणारी गोष्ट त्यांवर होती. कडेच्या बाजूस बारीक अक्षरांत टार किती, निकोटिन किती, हे मिलिग्रॅममध्ये छापलेले. तांबड्या पाकिटावर निकोटिन ०.८, पांढऱ्या पाकिटावर ०.४.

बंधू आमच्याकडे आले आणि म्हणाले, "दादा, तुमचे गणित चांगले. ह्यातले काय ते मला समजावून द्या."

आम्ही फळ्यावर उदाहरण मांडावे तसे त्यांच्याच डायरीत त्रैराशिक मांडले. तांबड्या दहा म्हणजे आठ मिलिग्रॅम. पांढऱ्या दहा म्हणजे चार. अर्थात पांढऱ्या दहा ओढणे हे तांबड्या पाच ओढण्यासारखेच. अर्धे व्यसन सुटल्यात जमा! आम्ही स्वतः जन्मात कधी ओढली नाही, त्यामुळे असला उपदेश करणे आम्हांस फार सोपे होते. बंधूंचा चेहरा उजळला. पुढे पुतण्या दर खेपेस पांढरी पाकिटे आणू लागला. मधल्या काळात ती संपली, की बंधू येथील बाजारात मिळणारी सौम्य म्हणविणारी घेत. घरात कोणी बोलू लागले तर ते म्हणत, "दादांनी हिशेब करून दिला आहे." त्रैराशिकात चूक नव्हती. आज पुन्हा मांडले तरी उत्तर तेच येईल.

असो. आता प्रथम निकोटिन म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू.

१५६० च्या सुमारास झाँ निको नावाचा फ्रेंच वकील लिस्बनच्या दरबारी होता. त्याने तंबाखू फ्रान्सच्या राजघराण्यात पाठविली आणि त्याचे नाव त्या वनस्पतीस चिकटले. आपल्या देशात ती पोर्तुगीजांबरोबर आली. विजापुराहून ती अकबराच्या दरबारी गेली आणि १६१७ साली जहांगिराने तिच्यावर बंदी घातली. त्या बंदीचे पुढे काय झाले ते आपण पाहतोच आहोत. पानातील मुख्य द्रव्य १८२८ साली हायडेलबर्ग येथे पोसेल्ट व रायमान या दोघांनी वेगळे केले. ते तेलासारखे द्रव असते, शुद्ध असता रंगहीन, हवेत राहिले की तपकिरी होते. आमचे बालपण निपाणीच्या परिसरात गेले. वखारीच्या अंगणात पाऊल टाकले की शिंका सुरू होत, आणि पिकावर मावा पडला की शेतकरी तंबाखूची पाने उकळून तो काढा फवारीत. मावा मरत असे. कीटकास मारणारे ते द्रव्य म्हणजेच हे निकोटिन. ओल्या पानांत दिवसभर काम करणाऱ्या माणसाच्या कातडीतूनही ते अंगात शिरते आणि त्याला घेरी येते, ओकारी होते.

परंतु मनुष्यात त्याचे खरे काम निराळे आहे. धूर छातीत गेल्यापासून दहा-वीस सेकंदांत ते मेंदूस पोहोचते, आणि दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. मेंदू ते पुन्हा मागतो. कर्करोग व हृदयविकार यांचे मुख्य कारण धुरातील टार, कार्बन मोनॉक्साइड आणि इतर विषे होत. निकोटिन ही ती विषे पुन्हा पुन्हा आत ओढविणारी दोरी आहे. हा भेद ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व घोटाळा ह्या दोरीच्या लांबीविषयी आहे.

विद्यार्थ्याने विचारले होते, एकाच सिगारेटचे दोन आकडे कसे, आणि तेही दहापट अंतराचे? याचे उत्तर असे की हे दोन निरनिराळ्या गोष्टींचे आकडे आहेत. सिगारेटच्या तंबाखूत मुळात जे निकोटिन असते ते साधारणतः दहा ते चौदा मिलिग्रॅम. कडक काय, सौम्य काय, ह्यात फारसा फरक नसतो. ओढणाऱ्याच्या शरीरात एका सिगारेटमागे त्यापैकी सरासरीने एक ते दीड मिलिग्रॅम जाते. बाकीचे जळते, हवेत जाते वा थोटकात राहते. आणि पाकिटावर छापला जाणारा ०.८ किंवा ०.४ हा आकडा ह्या दोहोंपैकी कोणताच नव्हे. तो तिसराच आहे. तो यंत्राचा आकडा आहे.

होय, यंत्राचा. एक यंत्र सिगारेट ओढते. त्याची रीत अमेरिकेतील एका तंबाखू कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी १९३६ साली मांडली आणि थोड्याफार फरकाने तीच पुढे जगभर प्रमाण ठरली. झुरका ३५ मिलिलिटरचा, दोन सेकंदांचा, मिनिटाला एक. धूर काचतंतूंच्या गाळणीतून जातो, गाळणीचे वजन करतात, त्यातून पाणी आणि निकोटिन वजा करतात, आणि उरते त्यास टार म्हणतात. १९६७ साली अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने ह्या कामासाठी स्वतःची प्रयोगशाळा उघडली. हेतू चांगला होता. तोपर्यंत कंपन्या वाटेल ते आकडे जाहिरातींत देत. आता सर्वांना एकच माप लागू झाले.

यंत्रावर आमचा राग नाही. ते आपले काम प्रामाणिकपणे करते. परंतु यंत्राला तलफ येत नाही. मिनिटाला एक झुरका म्हणजे एकच. साहेबाने बोलाविले म्हणून घाईने चार ओढले, घरी भांडण झाले म्हणून खोल ओढले, असे यंत्राचे होत नाही. विहिरीवर मोट चालविणाऱ्यांना आम्ही विचारतो. एका मोटकऱ्याने तासात वीस मोटा काढल्या, तर त्यावरून विहिरीत पाणी किती हे कळेल काय? आणि दुसऱ्या मोटकऱ्याचे पीक करपत असेल, तर तो वीसच मोटा काढून थांबेल काय? पाकिटावरील आकडा म्हणजे पहिल्या मोटकऱ्याच्या मोटा.

मग तांबड्या पाकिटातील सिगारेटीस ०.८ आणि पांढऱ्यातील सिगारेटीस ०.४ हा फरक तरी कसा पडला, जर विहीर सारखीच खोल? ह्याचा उलगडा आम्हांस बंधूंच्या पश्चात झाला, आणि तो आमच्या मुलीने, जी एका रुग्णालयात परिचारिका आहे, करून दिला. सौम्य सिगारेटच्या फिल्टरवर जो बदामी वा पांढरा कागद असतो, त्यात सुईने टोचावीत तशी सूक्ष्म छिद्रे वर्तुळाकार पाडलेली असतात. यंत्र झुरका घेते तेव्हा ह्या छिद्रांतून बाहेरची हवा आत येते आणि धूर पातळ होतो. ३५ मिलिलिटरमध्ये निम्मी हवा आली की निकोटिनही निम्मे मोजले जाते. यंत्राची पकड त्या छिद्रांच्या अलीकडे, टोकाशी असते. माणसाची बोटे व ओठ नेमके त्या छिद्रांवर येतात. छिद्रे झाकली गेली, की सौम्य सिगारेट पुष्कळशी कडकच होते. आणि न झाकली तरी मेंदू जे मागतो ते मिळेपर्यंत मनुष्य अधिक मोठे, अधिक वारंवार झुरके घेतो. हे तो जाणून करीत नाही. आमचे बंधूही जाणून करीत नव्हते. सिगारेट अगदी मुळापाशी, दोन बोटांच्या बेचक्यात घट्ट धरण्याची त्यांची लकब होती, आणि पांढरी सुरू केल्यापासून ती अधिक घट्ट झाली. गालांस खळगे पडेपर्यंत ते ओढीत. आम्हांस ते दिसत होते. त्याचा अर्थ मात्र कळत नव्हता. दहाच्या बारा झाल्या, बाराच्या सोळा झाल्या. "सौम्य आहे, दादा, सोळा म्हणजे आठच," असा आमचाच हिशेब ते आम्हांस परत ऐकवीत.

हे सत्य कोणास ठाऊक नव्हते असे नाही. शरीरात निकोटिनचे रूपांतर कोटिनिन नावाच्या द्रव्यात होते आणि ते दिवसभर रक्तात, लाळेत, मूत्रात टिकते. म्हणून माणसाने खरोखर किती निकोटिन घेतले हे त्यावरून अजमावता येते. सॅन फ्रान्सिस्को येथील डॉ. नील बेनोविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कमी आकड्याच्या सिगारेटी ओढणारे लोक कमी निकोटिन घेत नाहीत, असे रक्त तपासून दाखविले. ध्यानात घ्या, १९८३! आम्ही डायरीत त्रैराशिक मांडले ते पंधरा वर्षांनंतर. त्याच १९८३ साली बार्कले नावाच्या अमेरिकन सिगारेटचे प्रकरण बाहेर आले. तिच्या फिल्टरमध्ये हवेच्या पन्हाळी होत्या. यंत्रात त्या उघड्या राहत, माणसाच्या ओठांत दाबल्या जात. एक मिलिग्रॅम टार म्हणून तिची जाहिरात होई, आणि हा आकडा खऱ्यास धरून नाही असा निष्कर्ष व्यापार आयोगास काढावा लागला. तरीही आकडे छापणे चालूच राहिले. आयोगाची प्रयोगशाळा १९८७ साली बंद झाली आणि तपासणी तंबाखू उद्योगाच्याच प्रयोगशाळेत होऊ लागली. परीक्षार्थ्यानेच उत्तरपत्रिका तपासावी अशी ही पद्धत कोणत्या शाळेत चालली असती, हे आमच्या शिक्षकबंधूंनी सांगावे!

१९९४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सात बड्या तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी शपथेवर सांगितले की, निकोटिनचे व्यसन लागते असे आपणांस वाटत नाही. पुढे १९९८ साली मिनेसोटा राज्याच्या दाव्यातून कंपन्यांची लक्षावधी पानांची खाजगी कागदपत्रे लोकांसाठी खुली झाली. २००६ साली वॉशिंग्टन येथील न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी दिलेल्या निकालात, सौम्य व कमी टारच्या नावाखाली कंपन्यांनी लोकांची फसवणूक केल्याचे नमूद केले. २००८ साली व्यापार आयोगाने यंत्राच्या आकड्यांस दिलेला आपला आधार काढून घेतला, आणि २०१० पासून अमेरिकेत पाकिटावर 'लाइट', 'माइल्ड' हे शब्द लिहिण्यास बंदी झाली. युरोपीय संघाने हे शब्द २००३ सालीच बंद केले होते; परंतु आकडे मात्र ठेवले होते. २०१६ पासून तेथील पाकिटांवरून आकडेही गेले, आणि त्या जागी, धुरात कर्करोग उत्पन्न करणारी सत्तरांहून अधिक द्रव्ये असतात, हे वाक्य आले.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या २००३ सालच्या कायद्याच्या सातव्या कलमात, प्रत्येक पाकिटावर निकोटिन व टार यांचे प्रमाण आणि त्यांची कमाल मर्यादा छापावी अशी तरतूद आहे. आम्ही आजवर येथली जी पाकिटे उलटून पाहिली, आणि ह्या वयात टपरीवर उभे राहून पाकिटे उलटीत असल्याने आम्ही काहींच्या थट्टेचा विषयही झालो आहोत, त्यांपैकी एकावरही आकडा आढळला नाही. प्रथम आम्ही फार संतापलो. कायदा सांगतो आणि कोणी पाळीत नाही! परंतु सर्व वाचून झाल्यावर आमचे मत पालटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या तंबाखू नियंत्रण करारास आपल्या देशाने २००४ साली मान्यता दिली, त्याच्या मार्गदर्शक सूचनांतही, पाकिटावर असे आकडे देऊ नयेत, असेच सांगितले आहे. कंपन्यांनी ते शासनास कळवावेत, शासनाने तपासावेत, ग्राहकाच्या हाती मात्र असा आकडा देऊ नये की ज्याचा तो आमच्यासारखा हिशेब मांडील. आपल्याकडे नोएडा, मुंबई व गुवाहाटी येथे तंबाखू तपासणीच्या सरकारी प्रयोगशाळा आता झाल्या आहेत, ही चांगली गोष्ट आहे. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापलेला असतो. 'लाइट', 'माइल्ड' ह्या शब्दांस आपल्या वेष्टनविषयक नियमांनीही मनाई केलेली आहे. शब्द गेले, रंग राहिले. पांढरे, रुपेरी, फिकट निळे पाकीट पाहिले की लोक अजूनही सौम्य समजतात.

मग विश्वसनीय माहिती कोठेच नाही काय? आहे, परंतु ती घेण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे लागतात. मोजले कोणी, पैसे कोणी दिले, कोठल्या निकोटिनचे मोजमाप केले, पानातील, धुरातील की रक्तातील, आणि धुरातील असेल तर यंत्र कोणत्या रीतीने ओढले. कॅनडात एक कडक रीत निघाली. तीत झुरका ५५ मिलिलिटरचा, अर्ध्या मिनिटाला एक, आणि छिद्रे संपूर्ण बुजविलेली. त्या रीतीने मोजले की 'सौम्य' सिगारेटचे आकडे एकदम वर चढतात. एकाच सिगारेटचे दोन आकडे मिळतात ते अनेकदा ह्यामुळेही. आणि शासनाने कंपन्यांस भाग पाडले तर काय बाहेर येते याचा एक दाखला अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स राज्याचा आहे. तेथील कायद्याने कंपन्यांना, माणसाच्या ओढण्याशी अधिक जुळणाऱ्या रीतीने मोजून, दरवर्षी आकडे देणे भाग पडले. हार्वर्डच्या संशोधकांनी ते तपासले, तेव्हा १९९८ ते २००५ ह्या काळात सिगारेटच्या धुरातील निकोटिन सुमारे ११ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. ओढणाऱ्यांपैकी कोणास त्याची वार्ताही नव्हती.

जो आकडा ओढणाऱ्याच्या ओठांवर व बोटांवर अवलंबून नाही असा एकच, तो म्हणजे मूळ तंबाखूतील निकोटिनचा. तोच कायद्याने खाली आणावा, म्हणजे कितीही खोल ओढले तरी तलफ भागणार नाही आणि व्यसन जडणारच नाही, असा विचार अलीकडे पुढे आला आहे. न्यूझीलंडने २०२२ साली तसा कायदा केला, आणि २०२४ साली सरकार बदलल्यावर तो रद्दही केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२५ च्या जानेवारीत एका ग्रॅम तंबाखूत ०.७ मिलिग्रॅमची मर्यादा सुचविली. आजच्या सिगारेटशी ताडून पाहता हे प्रमाण विसावा हिस्सादेखील भरणार नाही. विहीरच आटविण्याचा हा मार्ग होय.

येथे काही मंडळी म्हणतील, गुरुजी, आमच्याकडे सिगारेट ओढतो कोण? आमची आपली बिडी, किंवा चिमूटभर मळलेली तंबाखू. त्यांस सांगितले पाहिजे. बिडीत तंबाखू थोडी, सिगारेटच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याइतकी, हे खरे. परंतु ती जहाल असते, टेंभुर्णीच्या पानातून हवा आत येत नाही, आणि बिडी विझू नये म्हणून झुरके वारंवार घ्यावे लागतात. त्यामुळे बिडी ओढणारा सिगारेटवाल्याहून कमी निकोटिन घेतो असे समजण्यास आधार नाही. मळलेल्या तंबाखूत आपण चुना घालतो. चुना क्षारधर्मी, त्याच्या योगाने निकोटिन मोकळे होते आणि गालाच्या आतील नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरते. तंबाखू तीच, चिमूट तीच, परंतु चुना अधिक तर कैफ अधिक. आपल्या आजोबा-पणजोबांस हे रसायनशास्त्राशिवाय ठाऊक होते! मिश्रीने दात घासणाऱ्या भगिनींनीही आपणांस यातून वगळू नये.

एक गंमत सांगतो, जरी ती गंमत म्हणण्यासारखी नाही. निकोटिनचा जो छापील आकडा आपणांस औषधाच्या दुकानात विश्वासाने घेता येतो, तो सिगारेटच्या नव्हे, तर सिगारेट सोडण्यासाठी चघळावयाच्या निकोटिनच्या गोळीच्या वेष्टनावर असतो. दोन मिलिग्रॅम, चार मिलिग्रॅम. तेथे यंत्र नाही, छिद्रे नाहीत, झुरके नाहीत. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती घेतली असता अनेकांस सोडणे सुलभ जाते. सरकारची १८००-११-२३५६ ही विनामूल्य दूरध्वनी सेवाही आहे. २०१८ पासून तो क्रमांक पाकिटांवरच छापलेला असतो. तो आकडा मात्र खरा आहे.

बंधूंची हकिकत अर्धवट राहिली. २००६ साली त्यांस हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यांस ज्या रुग्णालयात नेले, तेथील एका डॉक्टरांनी किती ओढता म्हणून विचारले. बंधूंनी सांगितले, "सोळा, पण सौम्य." डॉक्टर काही न बोलता लिहीत राहिले. त्यांनी तेथे एक वाक्य समजावून सांगितले असते तर, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत असे. मग वाटेनासे झाले, कारण समजाविण्याचे काम शिक्षकाचे, आणि घरातील शिक्षक आम्ही होतो. त्यानंतरही त्यांनी संपूर्ण सोडली नाही. आठवर आणली, पांढरीच. २०११ च्या श्रावणात ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर धाकट्या भावजयीने त्यांच्या कपाटातील वस्तू आमच्या स्वाधीन केल्या, त्यांत ती १९९८ सालची डायरी होती. पहिल्या पानावर आमच्या अक्षरातील त्रैराशिक. आणि त्याखाली, वर्षानुवर्षे, त्यांच्या बारीक अक्षरात रोजचा आकडा आणि पुढे त्याचा निम्मा. बारा – सहा. चौदा – सात. सोळा – आठ.

सौम्य सिगारेटमुळेच ते गेले, असे आम्ही म्हणत नाही. कडक ओढली असती तरी कदाचित तेच झाले असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००१ साली सर्व पुरावा तपासून काढलेला निष्कर्ष असा, की सिगारेटच्या रचनेतील ह्या फेरफारांनी लोकांच्या आरोग्यास फायदा झाल्याचे दिसत नाही. आम्हांस दुःख निराळेच आहे. १९९८ साली बंधू सोडण्याच्या बेतात होते. धाप लागली होती, भीती बसली होती, घरातील सर्वांनी धरून बसविले असते तर कदाचित सुटली असती. त्या वेळी त्यांना एक वाट हवी होती, जी न सोडता सोडल्यासारखी वाटेल. आणि ती आम्ही आखून दिली. कमी निकोटिनची सिगारेट शोधणारा मनुष्य बहुधा तेच शोधत असतो.

त्या विद्यार्थ्यास आम्ही यंदा पत्र लिहिले आहे. आज तो सभागृहात आहे असे आम्हांस समजले. तो कोठे बसला आहे हे आम्ही पाहणार नाही, इतरांनीही पाहू नये. त्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच, की तू विचारलास तो आकडा कोणत्याही पाकिटावर नाही, कारण तो तुझ्या ओढण्याने ठरतो. कार्यकारी मंडळास मात्र एक विनंती उघडपणे करतो. आपल्या मंगल कार्यालयात लग्नाच्या वेळी पानसुपारीच्या तबकाशेजारी सिगारेटींचे जे तबक अजूनही मागच्या पडवीत फिरते, ते ठरावाने बंद करावे. २००८ पासून सार्वजनिक जागी ओढण्यास कायद्याने बंदी आहेच. आणि त्या तबकातून आपल्या किती मुलांनी पहिली उचलली, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांस आमच्याहून अधिक ठाऊक आहे.

आता एक छोटे प्रात्यक्षिक, शिक्षकाची खोड म्हणून क्षमा करावी. डायरीबरोबर एक पांढरे पाकीट होते, त्यात तीन सिगारेटी उरल्या होत्या. त्यांतील दोहोंवर आम्ही पूर्वी प्रयोग केले. तिसरीचा फिल्टरवरील कागद काल रात्री अलगद सोडवून आणला आहे. तो काचेच्या दोन पट्ट्यांत ठेवला आहे. पुढील रांगेतील मंडळींनी तो दिव्यासमोर धरून पाहावा. छिद्रांची ओळ स्पष्ट दिसेल. नंतर आपल्या बोटांत सिगारेट धरतो तशी काच धरून पाहावी, म्हणजे बोट कोठे येते ते कळेल. घाई नको, मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. भगिनींच्या बाजूसही द्यावी. आणि शेवटी ती काच कृपा करून आमच्याकडे परत आणून द्यावी, कारण ती त्या पाकिटातील शेवटची आहे.